घरात आठ माणसं आहेत की, लक्ष ठेवतील!

पत्र:

"ताई, आम्ही लातूरपासून थोडं बाहेर शेतात नवीन घर बांधलंय. मिस्टरांची लहानपणापासूनची हौस म्हणून मागच्या अंगणात स्विमिंग पूल केला, २४ बाय १२ फुटाचा, एका बाजूला साडेतीन फूट खोल आणि दुसऱ्या बाजूला पाच. मुलगी सहा वर्षांची आहे, मुलगा अडीच वर्षांचा. गेल्या महिन्यात मुलगा बॉलच्या मागं पळत पुलाच्या पायरीवर उतरला, कामवाल्या मावशींनी दंडाला धरून ओढला म्हणून वाचला. तेव्हापासून मला रात्री झोप लागत नाही. कुंपण करू म्हणलं तर सासरे म्हणतात एवढा पैसा घालून बांधलेलं घर कोंडवाडा दिसंल. सासूबाई म्हणतात घरात आठ माणसं आहेत की, लक्ष ठेवतील. मिस्टर म्हणतात आम्ही विहिरीत डबा बांधून शिकलो, काय झालं आम्हाला. वरून जाळी टाकली तर चालेल का? दंडाला बांधायचे हवेचे फुगे आणलेत, ते पुरे आहेत का? पोहायला कधीपासून शिकवायचं? पुढच्या महिन्यात मुलाचं जावळ आहे, दोनशे माणूस येणार आहे. मी उगं घाबरते का? – एक आई"

उत्तर:

ताई, उगं बिगं काही नाही, तुम्ही बरोबर घाबरलात. आणि ज्यांना भीती वाटत नाहीये त्यांनी खरं तर त्या मावशींना साडीचोळी करायला पाहिजे. सरळ उत्तर आधी देते, मग बाकीचं बोलू. पुलाच्या चारी बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं गेट, हे जोवर बसत नाही तोवर पुलात पाणी ठेवू नका. जाळी, फुगे, पोहण्याचा क्लास हे सगळं त्याच्या नंतरचं. आणि रिकामा पूल म्हणजेही पाच फुटाचा सिमेंटचा खड्डाच आहे, वर पाऊस आला की तो आपोआप भरतो, म्हणून मागच्या दाराला अगदी वरती, मोठ्या माणसाला टाचा उंचावून लागेल अशी कडी आजच ठोकून घ्या.

आता तुमच्याच पत्रातली एक गोष्ट बघा. मुलगा पोहायला गेला नव्हता, तो बॉल आणायला गेला होता. इतक्या लहान लेकरांचं बहुतेक वेळा असंच होतं, पोहण्याचा टाइम नसतो, अंगात कपडे असतात, घरातल्यांच्या डोक्यात पाण्याचा विचार सुद्धा नसतो, कुणी फोनवर असतं कुणी कुकरच्या शिट्ट्या मोजत असतं आणि लेकरू दोन मिनिटांपूर्वी टीव्हीपुढं बसलेलं असतं. म्हणून "पोहताना आम्ही जवळच असतो" याला फारसा अर्थ नाही, प्रश्न पोहत नसतानाच्या वेळेचा आहे. आणि तेवढ्यावरून एक साधं काम लगेच करता येतं, ते म्हणजे पुलात आणि पुलाच्या काठावर बॉल, रबरी बदक, ट्यूब, असलं काहीच ठेवायचं नाही. खेळून झालं की सगळं उचलून खोलीत. पाण्यावर रंगीत वस्तू तरंगताना दिसली की अडीच वर्षांचं पोरगं ती घ्यायला जाणारच, त्याला रागवून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे बुडताना आवाज येत नाही. आपल्याला वाटतं पोरगं ओरडेल, हातपाय मारील, पाणी उडंल, मग आपण पळत जाऊ. तसं होत नाही हो. एवढ्या लेकराचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं, ते पुढं वाकलं की तोल डोक्याकडं जातो आणि एकदा तोंड पाण्यात गेलं की त्याला स्वतःला वर उचलता येत नाही. ओरडायला आधी श्वास लागतो, तोच नसतो. एका मिनिटाच्या आत सगळं शांत झालेलं असू शकतं आणि मेंदूला चार ते सहा मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही की कायमचं नुकसान सुरू होतं, म्हणजे चहा उकळायच्या आत. आणि पाणी पाच फूट लागत नाही, दोन इंच पुरतं, म्हणून तुमचं साडेतीन फुटाचं टोक म्हणजे सेफ बाजू असं जर कुणी घरात म्हणत असेल तर ते डोक्यातून काढून टाका.

आता सासूबाईंचं. त्या वाईट हेतूनं बोलत नाहीयेत हे मला कळतं, आपल्याकडं लेकरं सगळ्यांच्या अंगाखांद्यावर वाढतात आणि ते चांगलंच आहे. पण आठ माणसांत नेमकं कोण बघतंय हे ठरलेलं नसेल तर कुणीच बघत नसतं. आजीला वाटतं काकूजवळ आहे, काकूला वाटतं आत्ता तर आत्यानं कडेवर घेतला होता, आत्या म्हणते मी त्याला दादाकडं दिला, आणि दादा बाहेर ट्रॅक्टरवाल्याशी बोलत उभा. कुणीच खोटं बोलत नाहीये, सगळ्यांचं खरं आहे, तरी मधल्या चार मिनिटांत ते कुणाजवळच नव्हतं. उलट एकटी आई घरात असली तर तिला माहीत असतं की दुसरं कुणी नाहीये, मग ती बाथरूमला जाताना पण पोराला सोबत नेते. माणसं वाढली की धोका कमी होतो हा हिशोबच चुकीचा आहे, कार्यक्रमाच्या दिवशी तर तो वाढतो.

म्हणून लक्ष ठेवायचंच असेल तर ते एका माणसाच्या नावावर पाहिजे. पोरं पाण्यात असताना एक मोठं माणूस काठावर किंवा पाण्यातच, गळ्यात शिट्टी, आणि ज्याच्या गळ्यात शिट्टी त्यानं मोबाईल बघायचा नाही, चहा आणायला उठायचं नाही, गप्पात तोंड दुसरीकडं करायचं नाही. पंधरा मिनिटांनी शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि तोंडानं बोलायचं, "आता तू बघ", समोरचा "हो, मी बघतो" म्हणल्याशिवाय उठायचं नाही. अडीच वर्षाचा पाण्यात असेल तर तुमचा हात त्याला लागेल एवढ्याच अंतरावर, काठावरून बघणं चालत नाही. आणि हो, शिट्टी फक्त सुनेच्या गळ्यात राहणार नाही हे पहिल्या दिवशीच ठरवा, पूल ज्यांच्या हौसेचा आहे त्यांची पहिली पाळी. अजून एक नियम घरातल्या सगळ्यांना अगदी पाठ करून घ्या. लेकरू दिसत नाही असं झालं की पलंगाखाली, गच्चीवर, शेजारी असं शोधत बसायचं नाही, सगळ्यात आधी पाण्याकडं पळायचं. ते कपाटामागं लपलं असेल तर पाच मिनिटं उशिरा सापडलं तरी बिघडत नाही, पाण्यात असेल तर बिघडतं.

मिस्टरांना काय सांगायचं? विहिरीत डबा बांधून शिकलो हे खरं असणार, मराठवाड्यात निम्मी गडीमाणसं तशीच शिकलीत, कमरेला दोर, पाठीवर डबा नाहीतर ट्रॅक्टरची ट्यूब आणि वरून चुलत्यानं दिलेला धक्का. पण त्यांना विचारा तेव्हा वय काय होतं, आठ-नऊ तरी असेल, आणि दोराचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातात होतं. अडीच वर्षांच्या लेकराला कुणी विहिरीत शिकवलेलं त्यांनी पाहिलंय का? आणि "आम्हाला काय झालं" हे जे सांगू शकतात ते वाचलेले आहेत, ज्यांचं झालं त्यांची गोष्ट त्यांची आई सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडच्या पेपरात शेततळ्यात नाहीतर विहिरीत बुडालेल्या भावंडांची बातमी येत नाही असं वर्ष मला आठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यातली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांच्या आतली लेकरं होती. हे आकडे त्यांना वादासाठी म्हणून फेकून मारू नका, पण कुंपण म्हणजे बायकोच्या मनातली भीती नाही एवढं त्यातून कळावं. फ्रान्समध्ये २००३ मध्ये कायदाच झाला की जमिनीत बांधलेल्या खासगी पुलाला कुंपण, अलार्म, पक्कं झाकण किंवा वरून बंद छत यापैकी एक तरी पाहिजेच. तिथली माणसं काय भित्री आहेत म्हणून नव्हे.

मला कधी कधी वाटतं आपल्या भागात पाण्याची भीती म्हणजे पाणी नसण्याचीच भीती. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, ते बघितलेल्या माणसाला घरामागं निळंशार पाणी भरलेलं दिसलं की त्याला श्रीमंती दिसते, धोका दिसत नाही. नदीकाठच्या गावात बायका लेकरांना लहानपणापासून काठाच्या चार गोष्टी सांगतात, आपल्याकडं ते फारसं नाहीच, कारण नदीला पाणीच चार महिने. मग हे असं नवीन पाणी घरात आलं की त्याचे नियम पण नव्यानंच करावे लागतात.

आता कुंपणाचं नीट सांगते, कारण अर्धवट केलेलं कुंपण म्हणजे पैसे गेले आणि मन उगंच निवांत झालं. पहिली गोष्ट, चारी बाजूंनी. आपल्याकडं काय करतात तर तीन बाजूंनी करतात आणि चौथी बाजू घराची भिंत, तिच्यात मागचं दार. पण लेकरू तर घरातूनच येणार आहे ना, शेजारच्या वावरातून नाही! घर आणि पूल यांच्या मधली बाजूच सगळ्यात महत्त्वाची. तीन बाजूंच्या कुंपणापेक्षा चारी बाजूंनी वेगळं केलेल्या पुलात लहान मुलं बुडण्याचा धोका ८३ टक्क्यांनी कमी होतो असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, आणि खर्चात फरक फक्त एका बाजूचा.

उंची कमीत कमी ४ फूट, जमलं तर ५ करा. दोन सळयांमधलं अंतर ४ इंचापेक्षा कमी, खाली फरशी आणि कुंपण यांच्यामधली फट पण ४ इंचापेक्षा कमी, खाली माती नाहीतर लॉन असेल तर दोनच इंच ठेवा, लेकरं उकरतात. आणि सळया उभ्या. हे फॅब्रिकेशनवाल्याला दोनदा सांगा कारण सध्या स्टीलच्या आडव्या पाइपांची फॅशन आहे, प्रत्येक बंगल्याच्या गॅलरीला तेच, दिसायला छान दिसतं पण लेकरासाठी ती तयार शिडी आहे. तो म्हणेल वहिनी आडवंच चांगलं दिसतं, ऐकू नका. चेनलिंक जाळी करणार असाल तर भोक एवढं बारीक घ्या की पायाचं बोट अडकवून वर चढता येणार नाही. कुंपणाच्या बाहेरून तीन फुटाच्या आत खुर्ची, कुंडी, बाज, कूलर, एसीचं बाहेरचं युनिट, चढायला होईल असं काहीच नको, आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत तर अजिबात नको, पोरं ती ओढत नेतात.

गेट हा सगळ्यात नाजूक भाग. ते पुलाच्या बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, म्हणजे लेकरानं ढकललं तर ते अजून घट्ट लागेल. बिजागऱ्या स्प्रिंगच्या, सोडलं की आपोआप बंद व्हावं आणि बंद झालं की कडी आपोआप पडावी, कडी जमिनीपासून साडेचार फुटाच्या वर. बसवून झालं की त्या माणसाला पैसे द्यायच्या आधी स्वतः तपासा. गेट पूर्ण उघडून सोडा, अर्धं उघडून सोडा, आणि चार बोटं उघडून सोडा. पहिल्या दोन वेळा बहुतेक गेटं लागतात, तिसऱ्या वेळी फसतात, कारण तेवढ्याशा अंतरात स्प्रिंगला जोर येत नाही आणि कडी नुसती टेकून राहते. लागलं नाही तर तिथंच उभं राहून दुरुस्त करून घ्या. नंतर महिन्याला एकदा बघायचं, आपल्याकडच्या धुळीनं बिजागऱ्या जाम होतात. आणि येता जाता त्रास नको म्हणून गेटला वीट लावून ठेवणारं माणूस प्रत्येक घरात एक असतंच, ते कोण आहे तुम्हाला माहीत असेल, त्याच्याशी वेगळं बोला.

सासऱ्यांच्या कोंडवाड्याचं म्हणाल तर त्यांची पण बाजू आहे, हौसेनं बांधलेलं घर आहे. काळ्या पावडर कोटिंगच्या बारीक उभ्या सळया लांबून जवळजवळ दिसत नाहीत, बजेट असेल तर जाड टफन काचेचं पण मिळतं, आणि खांब काढून ठेवता येतील असं जाळीचं कुंपण पण असतं, मुलं मोठी झाली की काढता येतं. त्यांना डिझाइन निवडायला सांगा. "करायचं का नाही" हा प्रश्न त्यांना विचारूच नका, "कसलं करायचं" एवढंच विचारा.

वरून टाकायची जाळी. पुलासाठी म्हणून मिळणारी जाड नायलॉनची, चारी बाजूंनी हुकांना ताणून बसवलेली जाळी कुंपणाच्या जोडीला चांगली, पण ती रोज काढायची आणि रोज लावायची असते, आणि माणूस आहे, एक दिवस राहतेच. शेतातली हिरवी शेडनेट मात्र चुकूनही टाकू नका. तिच्यावर पाय पडला की ती खाली जाते आणि लेकराभोवती गुंडाळते, मोठ्या माणसाला पण त्यातून सुटायला जड जाईल. ताडपत्री तर त्याहून वाईट, पाण्यावर ती जमिनीसारखी दिसते आणि खाली गेलेलं लेकरू वरून कुणाला दिसत पण नाही. पाण्यात काही पडलं की वाजणारे अलार्म मिळतात, लावा हवं तर, पण अलार्म वाजतो तेव्हा लेकरू आधीच पाण्यात असतं आणि लाइट गेली तर बॅटरी आहे का हे पण बघावं लागतं.

दंडाचे फुगे खेळणं म्हणून ठीक, सुरक्षेचं साधन म्हणून शून्य. हवा जाते, ओल्या दंडावरून निसटतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोराला वाटायला लागतं की पाण्यात उतरलं की आपण आपोआप तरंगतो, मग फुगे काढलेले असताना ते तसंच उतरतं. तरंगायला काही द्यायचंच असेल तर वजनाप्रमाणं मापाचं, दोन पायांच्या मधून पट्टा येणारं लाइफ जॅकेट घ्या, आणि ते घातलं तरी हाताच्या अंतरावरच रहा. पोहण्याचे कपडे भडक केशरी किंवा पोपटी घ्या, निळे पांढरे नकोत, निळ्या टाइल्सवर निळा फ्रॉक पाण्याखाली दिसतच नाही.

पोहायला शिकवायचं तर मुलीला आत्ताच, सहा वर्षं हे छान वय आहे, लातुरात नीट कोच बघून लावा. मुलाला पण आई-बाबांसोबत पाण्याची ओळख करून द्यायला हरकत नाही, एक वर्षानंतर शिकवलं तर धोका कमी व्हायला मदत होते असं बालरोगतज्ज्ञ म्हणतात, फक्त तुमच्या डॉक्टरांशी एकदा बोला. पण "आता त्याला येतं" म्हणून कुंपणाचं गेट सैल सोडायचं नाही. आणि मुलीला पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी, मोठं माणूस असल्याशिवाय गेटच्या आत यायचं नाही आणि सूर मारायचा नाही. पाच फुटात डोक्याकडून उडी घेतली तर मान मोडते, मोठ्या पोरांना पण हे सांगा, मुटका मारायला आलेली भाचे कंपनी कुणाचं ऐकत नसते.

मुलीचे केस लांब असतील तर पाण्यात घट्ट अंबाडा नाहीतर टोपी. पुलाच्या तळाला पाणी ओढणारी जाळी असते, मोटर चालू असताना तिची ओढ फार जबर असते, केस किंवा अंग तिथं चिकटलं तर ओढून निघत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात अशीच गेली आणि मग २००७ मध्ये तिच्या नावानं कायदा झाला. तुमच्या ठेकेदाराला विचारा की ओढणारी तोंडं दोन आहेत का एकच, वरचं झाकण फुगीर, अडकू न देणारं आहे का. झाकण तुटलेलं असेल तर त्या दिवशी कुणी पाण्यात उतरायचं नाही. आणि मोटरचं बटण कुठं आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत पाहिजे.

मोटरवरून लाइटचं. पुलाच्या मोटरला आणि दिव्याला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट आपोआप तोडणारा स्विच, आहे का ते बघून घ्या, आणि त्यावरचं टेस्टचं बटण महिन्याला दाबा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानात कोरडा पडतो, भेगा पडतात आणि अर्थिंग कागदावरच राहतं, मार्चपासून त्यात पाणी घालत जा. क्लोरीनची पावडर आणि ॲसिड कुलपात, एकमेकांपासून लांब, दोन्ही एकत्र झालं की विषारी वायू होतो.

आता जे बोलायला नको वाटतं ते. झालंच असं काही तर काय करायचं? आपल्याकडं बुडालेल्या लेकराला उलटं टांगतात, गोल फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात, आणि आता तर मिठाच्या ढिगात झाकून ठेवायचं असा व्हॉट्सॲपवर फिरणारा भयानक मूर्खपणा पण आहे. यातलं काहीही करायचं नाही. पोट दाबलं की पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जातं, आणि बाकी सगळ्यात जातो तो वेळ. लेकरू बाहेर काढा, सपाट जमिनीवर उताणं झोपवा, हाक मारा, श्वास चालू नसेल तर दुसऱ्याला १०८ लावायला सांगा, एकटे असाल तर फोन स्पीकरवर ठेवून हात मोकळे ठेवा. डोकं थोडं मागं, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडानं श्वास द्या, छाती वर आलेली दिसली पाहिजे, आधी दोन ते पाच श्वास. मग छातीच्या मधोमध एका हाताच्या तळव्यानं ३० वेळा दाबायचं, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश एवढं खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, मग परत दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. नुसती छाती दाबा असं जे कुठं कुठं शिकवतात ते मोठ्या माणसाच्या हार्ट अटॅकसाठी आहे, बुडालेल्याचा श्वास आधी बंद पडलेला असतो, त्याला श्वास दिल्याशिवाय चालत नाही. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हात बसवावा लागतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे असे कोर्स असतात, तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, आणि एकट्या जाऊ नका, मिस्टर, दीर आणि त्या मावशी तिघांना घेऊन जा. आणि शुद्धीवर आलं, खेळायला लागलं, तरी दवाखाना चुकवायचा नाही, काही तासांनी पण श्वासाला त्रास सुरू होऊ शकतो.

पूल सोडून बाकीचं पाणी पण एकदा फिरून बघा. आठ-आठ दिवसांनी नळ येतो म्हणून आपल्या घरात ड्रम, हौद, टाक्या, बादल्या भरलेल्या असतात, अडीच वर्षाच्या पोराला बाथरूममधली अर्धी बादली पण पुरते. ड्रमला घट्ट झाकण, रिकामी बादली पालथी. शेततळं असेल तर त्याला तर आधी कुंपण, तो प्लास्टिकचा कागद ओला झाला की पट्टीचा पोहणारा पण घसरून खाली जातो आणि त्याला धरायला काही सापडत नाही, म्हणून चारी बाजूंना गाठी मारलेले दोर नाहीतर टायर साखळीनं बांधून आत सोडून ठेवा.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही पण मला विचारायचीय, तुमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, सालगडी राहतो का? त्याची लेकरं असतील ना. दुपारी तुमची माणसं झोपली की उन्हात त्या लेकरांना ते पाणी दिसणारच, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला आठ माणसं नाहीत, आई-बाप रानात आहेत. कुंपण त्यांच्यासाठी पण आहे, आणि गेटला दुपारचं कुलूप पण. मुलीच्या क्लासबरोबर त्यांच्यातल्या मोठ्या पोरांना पण पोहायला शिकवलंत तर फारच छान.

राहिलं जावळ. दोनशे माणूस, स्वयंपाकी, डीजे, पंगती, पाहुण्यांची वीस-पंचवीस पोरं, त्या दिवशी शिट्टीच्या भरवशावर राहायचं नाही. महिन्यात कुंपण झालं तर उत्तम, गेटला कुलूप आणि किल्ली तुमच्या कमरेला. नाही झालं तर पूल रिकामाच ठेवा आणि मंडपवाल्याला सांगून चारी बाजूंनी बल्ल्या रोवून पत्रे मारून घ्या, आठ फुटी, खालून फट न ठेवता. कनात नको, ती उचलून पोरं आत जातात आणि मग बाहेरून दिसत पण नाहीत. वर एक विश्वासाचा माणूस फक्त तिथं उभा, त्याला जेवायला सोडवायला दुसरा. पत्र्यांचं मात्र आजच बोलून ठेवा, लग्नसराईत ऐनवेळी मिळत नाहीत.